किती वेढे

दाल बाजारामागच्या क्लिनिकमधून
मंदाकिनी आली ती लिफाफा घेऊनच.
एक चप्पल दारात, एक जिन्यावर.
"ताई, तुम्ही जन्मभर विषांचं काम केलंत, वाचा."

बिल्ला क्रमांक एकोणीस.
तिमाहीत बारा पूर्णांक चार मिलिसीव्हर्ट.
खुलासा पाठवावा.

बावीस वर्षं ती लश्करच्या छात्यांचे फोटो काढते.
साँस लो. रोको. छोड़ दो.
त्या दिवशी स्वतःचा सोडायची विसरली होती.
"नेहमी शून्य पूर्णांक काहीतरी यायचं हो."

या गावात मात्रा म्हटलं की लोक मांडीवर बोटं मोजू लागतात.
मी झाशी रोडच्या प्रयोगशाळेत
एकतीस वर्षं उंदरांच्या तोंडात मोजली.
आमची रीत अशी:
जिच्यानं उंदराला काही होत नाही ती मात्रा शोधायची.
दहानं भागायची, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे.
पुन्हा दहानं, कारण मंदा म्हणजे मी नव्हे.
उरेल त्यावर सही करून घरी जायचं.

किरणवाल्यांचं निराळं.
मोठ्या मात्रांचे चार ठिपके,
त्यांवर पट्टी ठेवून रेघ खाली ओढतात
पार शून्यापर्यंत.
खालच्या अंगाला ठिपका जवळजवळ नाहीच,
पट्टी तेवढी सरळ.

लिफाफ्याच्या पाठीवर मी तिला रेघ काढून दाखवली.
म्हटलं, समज, जायफळाचे शंभर वेढे
एकाच बाळाला चाटवले तर बाळ जाईल.
मग शंभर घरांत एकेक वेढा उगाळला
तर त्यांतलं एक जाईल का?

"शुभ बोला," ती म्हणाली.
तिची नात दीड महिन्याची आहे.

मी म्हटलं, एका दमात घेतलेलं वेगळं,
बावीस वर्षांत झिरपलेलं वेगळं.
पेशी रात्रभर रफू करत बसतात,
नई सडकेचा तो म्हातारा रफूगर बसतो ना, तशा.
एखादा टाका चुकतो, हेही म्हटलं, पण हळू.

हे मात्र सांगितलं नाही
की काही विषांना उंबरठा आम्हालाही सापडला नाही.
की एका खेपेला आम्ही उंदीर पाहायचो पन्नास.
हजारात एकाला होणारी गोष्ट
पन्नासांत कधी दिसायची?
दिसलं नाही, असं लिहायचो.
वाचणारे वाचायचे, नाही.

मग सहज विचारलं,
"सुट्टीत बिल्ला कुठं होता?"

भाचीचं लग्न. सतरा दिवस बडोदा.
एप्रन खुंटीला,
बिल्ला एप्रनला,
खुंटी एक्स-रेच्याच खोलीत,
टेबलाच्या समोर.

बारा पूर्णांक चार
त्या खुंटीला लागले होते.

ती हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला
आणि बराच वेळ काढला नाही.
खुलासा मीच लिहून दिला, चार ओळींचा.
तिनं सही केली, घडी घातली, आणि तशीच बसून राहिली.

"मग बाकीचं, ताई? ते थोडं थोडं?"

बेरीज केली. बावीस वर्षांचे मिळून नऊ.
इथला दगड, माती आणि वरचं आभाळ
तेवढ्याच वर्षांत कुणालाही याच्या पाचपट देतात.
किल्ल्यावर फिरायला जातेस, तिथं विचारतेस का?
ती म्हणाली, "तिथं मला पगार नाही देत."

यावर माझ्या शास्त्राची मात्रा चालेना.

संध्याकाळी तिच्याकडे गेले, शिंदे की छावणीत.
सहाण मांडलेली. पोर पायांवर आडवी.
वेखंड, हिरडा, मुरडशेंग,
ओठांनी मोजत एकेक वेढा.
शेवटी जायफळ.
ते दगडाला लागलं,
हात निघाला,
आणि वेढ्याच्या मध्यावर थांबला.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी पोरीच्या कुंच्याची गाठ सारखी करत होते.